आमच्या बांधाचा भूगोल

आठवी 'ब'ला भूपट्ट शिकवताना मी एक सोपं उदाहरण दिलं, आणि महिन्याभरात माझे वडील आणि माझे चुलते एकमेकांशी बोलायचे बंद झाले. उदाहरणात चूक काहीच नव्हती. उलट माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीत अख्ख्या वर्गाला एका दमात समजलेलं ते एकमेव उदाहरण!

मी भूगोलाचा शिक्षक. इस्लामपूरपासून अर्ध्या तासावर आमचं गाव, गावातच शाळा आणि शाळेत मी. वडिलांना आम्ही आबा म्हणतो, चुलत्यांना तात्या. आबा थोरले; जन्मभर शेती करून गुडघे घालवून बसलेले. तात्या धाकटे, नाव शंकर; फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. वाटणी झाली तेव्हा दक्षिणेकडचं रान आबांना आलं, उत्तरेकडचं तात्यांना, आणि मधे राहिला एक बांध. विहीर सामाईक, रानाकडं जाणारी पाणंद सामाईक, देव सामाईक. बांधही तसा सामाईकच, पण आमच्या भागात बांध सामाईक असणं म्हणजे काय, हे ज्याचं रान आहे त्यालाच विचारावं.

तात्यांचं म्हणणं असं, की आबा बांध कोरतात. म्हणजे दर नांगरटीला चार बोटं माती आपल्याकडे ओढतात.

"बार्डरवर सतरा वर्षं उभा हुतो," तात्या म्हणायचे, "एक इंच न्हाई सरकू दिली. आन् हितं घरच्या बांधावर माझाच भाऊ घुसखोरी करतोय!"

आबांचं म्हणणं असं, की "मी बांधाला फाळ लावला असंल तर ह्या हाताला कीड पडंल. त्येला फौजेत राहून सवय लागल्याय. समोर दिसंल त्यो दुश्मन."

यावरून तीन वर्षं अबोला होता. त्याआधी रोज सकाळी तात्या आमच्या ओट्यावर चहाला यायचे. तीन वर्षं आबा एकटेच चहा पीत होते, तेही रस्त्याकडे पाठ करून. (तात्या रस्त्यानं गेलेले दिसू नयेत म्हणून. पण पावलांचा आवाज आला की कप हातात थांबायचा, हे आम्ही सगळे बघत होतो.) यंदा दसऱ्याला मात्र तात्या आपट्याची पानं घेऊन दारात उभे राहिले. "दादा, सोनं घ्या." आबांनी सोनं घेतलं, म्हणाले, "बस. चहा पी." तीन वर्षांचं भांडण एवढ्या तीन शब्दांत मिटलं! आई स्वयंपाकघरात जाऊन रडली, बाहेर आली, आणि तिनं फर्मान काढलं.

"आजपासनं ह्या घरात 'बांध' ह्यो शब्द काढायचा न्हाई. जो काढंल त्येला त्या दिवशी जेवाण न्हाई."

आम्ही सगळ्यांनी हे इतकं मनावर घेतलं, की आबा स्वतः "त्येच्यावर गवात लय वाढलंय" असं म्हणायला लागले. फर्मान घरापुरतं होतं. शाळेचं काही ठरलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि भूपट्टांचा धडा आला. हा धडा शिकवणं अवघड, कारण ज्या जमिनीवर आपण उभे आहोत ती सरकते, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मी फळ्यावर आकृती काढली. मुलांनी ती वहीत उतरवली, रंगवली, आणि अंतर्गाभ्याला लाल रंग द्यायचा की केशरी यावर दहा मिनिटं चर्चा केली. समजलं कुणालाच नाही.

मग मी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. घरून परातीत काकवी नेली आणि तिच्यावर बिस्किटं तरंगत ठेवली. काकवी म्हणजे खालचा वितळलेला खडक, बिस्किटं म्हणजे भूपट्ट. एक बिस्किट आफ्रिका, एक दक्षिण अमेरिका, एक भारत. "आता बघा, हे कसे हळूहळू दूर जातात," असं म्हणून मी फळ्याकडे वळलो, दोन ओळी लिहिल्या, आणि परत वळलो तर आफ्रिका नाही.

"आफ्रिका कुठंय?"

एकाच्या मिशीच्या जागी काकवी.

"सर, ती बुडाली," मागून कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात दक्षिण अमेरिकाही बुडाली! तास संपेपर्यंत परातीत फक्त काकवी उरली, आणि तीही मधल्या सुट्टीत नाहीशी झाली. (रात्री बायकोनं विचारलं, "काकवी कुठाय?" मी म्हणालो, "प्रयोग केला." ती म्हणाली, "परात चाटून पुसून आणलीसा. लय झकास प्रयोग झालेला दिसतोय.")

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची श्रावणी उभी राहिली. श्रावणी म्हणजे तात्यांची नात, माझ्या चुलतभावाची मुलगी. घरात मला काका म्हणते आणि शाळेच्या फाटकातून आत आली की सर. पोरगी हुशार, आणि हुशार पोरीला असते तशी खोड तिलाही आहे. एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत बसत नाही.

"सर, जमीन सरकते तर ती आपल्याला सरकताना दिसत का नाही?"

"कारण ती फार हळू सरकते. आपली नखं वाढतात तेवढ्याच वेगानं."

"पण नखं वाढलेली दिसतात. जमीन कुठं दिसते?"

वर्गातल्या चाळीस जणांनी माझ्याकडे बघितलं. घंटा व्हायला वीस मिनिटं होती. काकवी संपली होती. आणि मला, देवा शपथ, तेवढ्यात ते सुचलं.

"बांध!" मी म्हणालो. "रानातले बांध बघता ना? सरकताना कधी दिसतो बांध? रोज बघा, जागच्या जागी. पण दहा वर्षांनी मोजा, एक सरी गायब!"

वर्गात असा काही हशा उसळला, की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई डोकावून गेल्या. पोरांच्या डोळ्यांत लख्ख उजेड पडला. ज्याला पृथ्वीचे थर अजून सांगता येत नव्हते, तो उठून म्हणाला, "सर, म्हंजे आमच्या चुलत्याचं रान आमच्या रानाखाली घुसतंय, तसंच की!" मी म्हणालो, "अगदी तसंच!" दुसरा म्हणाला, "आन् मदी ढिगारा होतोय त्यो हिमालय!" मी म्हणालो, "शाब्बास!" मी शिक्षक झालो ते या दिवसासाठी, असं मला वाटलं.

त्या धुंदीत मी प्रकल्प देऊन टाकला. प्रत्येकानं आपल्या आसपासची हळू सरकणारी किंवा वाढणारी एक गोष्ट निवडायची, महिनाभर रोज मोजायची, नोंद ठेवायची आणि तक्ता करायचा. माझ्या मनात नखं होती, वेल होते, फार तर मांजराच्या पिल्लाची शेपूट.

महिन्यानं चाळीस तक्ते आले. ते मी तपासले. आता तपासले म्हणजे काय, हे शिक्षक मंडळी जाणतात. चाळीस तक्ते वाचत बसलो असतो तर जनगणनेचं काम कुणी केलं असतं? समास सरळ आहे का, अक्षर नेटकं आहे का, कडेनं रंगीत पट्टी आहे का, एवढं बघून मी मार्क दिले. श्रावणीच्या तक्त्याला कडेनं वेलबुट्टी होती. मी दहापैकी दहा दिले, खाली लिहिलं 'निरीक्षण अत्यंत सूक्ष्म. अभिनंदन!', सही केली, वर शाळेचा शिक्का मारला, आणि पालकसभेसाठी तो तक्ता दाराच्या समोरच, येणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडेल अशा ठिकाणी लावला.

पालकसभेला तात्या आले, कारण नातीचा तक्ता लागला होता. आबा आले, कारण ते शाळा समितीचे सभासद आहेत. दोघं बरोबरच आले. आबांना काठी टेकत पायऱ्या चढायला तात्यांनी हात दिला. ते बघून मला इतकं बरं वाटलं, की मी स्वतः पुढे होऊन त्यांना तक्त्यासमोर नेलं.

"बघा तात्या, आपल्या श्रावणीनं नाव काढलंय."

तात्यांनी खिशातला चष्मा काढला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. (फौजेतला माणूस, हळू वाचणं त्यांना माहीत नाही.)

"'भूपट्टांची हालचाल. वरती, युरेशियन भूपट्ट, कंसात आजोबांचे रान. खाली, भारतीय भूपट्ट, कंसात मोठ्या आजोबांचे रान. मध्ये हिमालय...'" तात्या थांबले. "'कंसात, बांध.'"

मी तक्ता पहिल्यांदाच नीट बघितला. दोन रानं काढली होती, हिरव्या रंगात. मधे तपकिरी बांध. आबांच्या रानातून तात्यांच्या रानाकडे जाणारे लाल बाण, एकूण सहा. पोरीनं तात्यांच्या रानातल्या विजेच्या खांबापासून बांधाच्या पलीकडच्या काठापर्यंतचं अंतर आईच्या शिलाईच्या टेपनं महिनाभर रोज मोजलं होतं. पहिल्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस सेंटीमीटर. शेवटच्या दिवशी एकशे एकवीस!

"'निष्कर्ष,'" तात्यांचा आवाज आता सभामंडपाच्या पार मागच्या खुर्चीपर्यंत पोचत होता. "'भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर सरकतो. मोठ्या आजोबांचा भूपट्ट एका महिन्यात सत्तावीस सेंटीमीटर सरकला. म्हणून मोठ्या आजोबांचा भूपट्ट भारतापेक्षा वेगवान आहे.'"

आणि मग त्यांनी खालची ओळ वाचली. माझी.

"'निरीक्षण अत्यंत सूक्ष्म. अभिनंदन!' सही हाय. शिक्का हाय." तात्यांनी चष्मा काढला. "दादा, आता तर तुमच्या पोरानंच लिवून दिलंय."

आबा लाल झाले. "शंकर, मी बांधाला हात लावलेला न्हाई!"

"मग बांधाला पाय फुटले व्हय?"

इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण मी शिक्षक. शांतता झाली की ती आपणच भरून काढायची असते, अशी सवय. मी मधे उभा राहून म्हणालो, "तात्या, ऐका. जमीन सरकणं ही नैसर्गिक क्रिया आहे. यात कुणाचाच दोष नसतो!"

आबांनी हे वाक्य झेललंच. "ऐकलास? मास्तर सांगतोय! जमीन आपोआप सरकती!"

"आपोआप सरकती तर कवा माझ्याकडनं तुमच्याकडं का सरकत न्हाई?"

"सर," श्रावणीनं हात वर केला, "तुम्हीच सांगितलं होतं, भारतीय भूपट्ट उत्तरेकडेच सरकतो म्हणून."

"बघ!" आबा म्हणाले. "पोरगीबी सांगत्याय! तू उत्तरंला हायस, त्येला मी काय करू?"

तात्यांनी नातीचा हात धरला आणि ते सभेतून निघून गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "सोमवारी मोजणीचा अर्ज टाकतो. आता काय बोलायचं ते सरकारी मोजणीदारापुढं." आबांना पायऱ्या उतरवायला मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

गावात बातमी पसरायला आठवी 'ब' पुरेशी आहे. संध्याकाळी पोपटराव घरी आले. पोपटरावांच्या शेजाऱ्यांनी त्यांच्यावर बांध कोरल्याच्या तीन तक्रारी दिलेल्या आहेत, आणि चौथा शेजारी त्यांना नाही, कारण चौथ्या बाजूला ओढा आहे.

"सर," पोपटराव आदबीनं म्हणाले, "शाळेच्या कागदावर एक दाखला द्या की. ह्यांचा बांध नैसर्गिकरीत्या सरकतोय म्हणून. तालुक्याला दावायचाय."

"असा दाखला देता येत नाही, पोपटराव."

"तुमच्या आबांस्नी दिला की!"

"दिलेला नाही. आणि भूपट्ट उत्तरेकडे सरकतो. तुमचा बांध पूर्वेकडे सरकलाय."

पोपटरावांनी थोडा विचार केला. "मग जरा दिशा तेवढी बदलून द्या."

सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. आणखी सहा पालक दाखल्यासाठी येऊन गेले होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, पुढचा धडा ज्वालामुखीचा आहे ना? उदाहरणं गावाबाहेरची द्या."

घरात तर बोलायची सोयच नव्हती. आईनं फर्मान अमलात आणलं. शब्द शाळेत काढला होता, तरी जेवण घरातलं बंद झालं. "धा बाय धा मार्क दिलेस न्हवं? त्येच खा," म्हणाली. बायकोनं गुपचूप दोन भाकरी दिल्या, वर टोमणा दिला, "वाचून तरी बघायचं हुतं."

पण खरं सांगायचं तर भुकेचं काही वाटलं नाही. सकाळी आईनं सवयीनं दोन कप चहा ओतला. आबांनी दुसरा कप उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत पातेल्यात ओतला. मग खुर्ची फिरवली आणि रस्त्याकडे पाठ करून बसले. मला फार वाईट वाटलं. तात्यांनी फौजेतून सुट्टीवर आल्यावर मला सायकलच्या दांडीवर बसवून पहिल्यांदा शाळेत नेलं होतं. मी भोकाड पसरलं म्हणून दिवसभर वर्गाबाहेर उभे राहिले होते. आणि आता त्याच शाळेच्या शिक्क्यानं मी त्यांचा भाऊ तोडला होता. मोजणीदार आला की खुंट्या रोवल्या जातात, आणि एकदा खुंट्या रोवल्या गेल्या की दसऱ्याचं सोनं घेऊन कुणी दारात उभं राहत नाही. एवढं मला भूगोलाच्या पलीकडचंही कळत होतं.

मी हिशेब केला. पोरीचं मोजमाप चुकलेलं असणार. शिलाईचा टेप ताणतो. खांब कललेला असेल. चूक सिद्ध झाली की तक्ता रद्द, अर्ज रद्द, दोघं भाऊ परत ओट्यावर. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी आबांना मोटरसायकलवर बसवून रानात नेलं, आणि श्रावणीकडून तात्यांना निरोप धाडला, की सगळ्यांच्या समोर पुन्हा मोजू. तात्या आले. बांधाच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला तात्या, आणि दोघांचीही तोंडं माझ्याकडे, कारण एकमेकांकडे बघायचं नव्हतं.

श्रावणीनं टेप लावला. एकशे एकवीस.

"टेप ताणला असशील," मी म्हणालो.

तिनं दप्तरातून लाकडी पट्टी काढली आणि पट्टीनं मोजलं. एकशे एकवीस.

"रोजच्या नोंदी दाखव. रोज मोजलंस का मधूनच अंदाजानं लिहिलंस?" मी माझा शाळेतला आवाज लावला. पोरं या आवाजाला घाबरतात. ही घाबरली नाही, चिडली. तिनं वही उघडली आणि वाचायला लागली.

"सोमवार, एकशे अठ्ठेचाळीस. मंगळवार, एकशे अठ्ठेचाळीस. बुधवार, एकशे अठ्ठेचाळीस..."

"बघा!" मी आनंदानं ओरडलो. "सरकतच नाही! म्हणजे एकच आकडा खाली उतरवत..."

"शनिवार, एकशे अठ्ठेचाळीस," श्रावणी म्हणाली. "रविवार, एकशे बेचाळीस. सोमवार, एकशे बेचाळीस. मंगळवार, एकशे बेचाळीस. शनिवारपर्यंत एकशे बेचाळीस. रविवार, एकशे पस्तीस."

मी वहीत डोकावलो.

"पुढच्या रविवारी एकशे अठ्ठावीस, त्याच्या पुढच्या रविवारी एकशे एकवीस. सर, मी तुम्हाला विचारणारच होते. भूपट्ट फक्त रविवारीच का सरकतात?"

तात्यांनी वही हातात घेतली आणि सगळे रविवार बोटावर मोजले. मग आबांनी काठी जमिनीवर टेकली आणि अगदी हळू विचारलं, "रविवारी रानात कोण असतंय?"

रविवारी रानात मी असतो. आबांचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, बांधालगतच्या वीस गुंठ्यांची मशागत मी करतो, सुट्टीच्या दिवशी, पॉवर टिलर घेऊन. गडी लावा असं आई सांगत होती. पण मला हौस! वर्गात नकाशे काढणाऱ्या माणसाला नांगरटही जमते, हे गावाला दाखवायचं होतं. त्या महिन्यात तर सोयाबीन निघाल्यावर गव्हासाठी रान करायचं होतं, त्यामुळे एक रविवार चुकवला नव्हता.

"चालीव बघू," तात्या म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता. कसा चालीवतोस ते बघू दे."

टिलर विहिरीवरच्या खोलीत होता. आणला. सुरू केला. आणि नेहमीसारखा त्याचा कडेचा भाग बांधाला घट्ट चिकटवून निघालो. पाच पावलं गेलो असेन, तर आबा आणि तात्या दोघंही ओरडले, "थांब, थांब, थांब!" मागे वळून बघितलं. बांधाच्या कडेची ओली माती चार बोटं रुंद, अगदी सुबक, पावाच्या कडा कापाव्यात तशी, आमच्या रानात पडली होती.

"आरं, बांधाला कशापायी चिकटलायस?" आबांनी विचारलं.

"रेघ सरळ यावी म्हणून," मी म्हणालो.

"काय?"

"समास आखताना पट्टी धरतो तसं. बांध सरळ आहे, त्याच्या आधारानं पहिलं तास, म्हणजे नांगरटीची पहिली ओळ, सरळ येतं. मग बाकीची सगळी सरळ येतात."

दोघं भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी पुढे सांगितलं, की गेली चार वर्षं मी असंच करतो, आणि माझी तासं गावात सगळ्यात सरळ असतात. खरोखरच असतात! फक्त दर वेळी पट्टी थोडी कापली जात होती, एवढंच. आबा शपथेवर सांगत होते की आपण बांधाला फाळ लावला नाही. ते खरं होतं. तात्या शपथेवर सांगत होते की बांध कोरला जातोय. तेही खरंच होतं. तीन वर्षं दोन म्हातारी माणसं खरं बोलून एकमेकांना खोटं ठरवत होती, आणि मी मधल्या मधे तासं सरळ आली म्हणून स्वतःवर खूश होतो.

"तात्या," मी म्हणालो. मी टिलर बंद केला. "चूक माझी आहे. आबांची नाही. तीन वर्षं..."

तात्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. ते बांध ओलांडून अलीकडे आले आणि आबांच्या शेजारी उभे राहिले. दोघं त्या चार बोटं मातीकडे बघत होते. मग आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. तात्याही हसायला लागले, ते इतके, की त्यांना खाली बसावं लागलं.

"दादा, मला वाटायचं मास्तर बिचारा गरीब हाय, बा सांगंल तसं करतोय!"

"मी काय सांगणार त्येला! मला तर वाटायचं, तूच माती पलीकडं वडून माझ्यावर नाव घालतोयस!"

"सतरा वर्षं बार्डर राखली गड्या, पर असला दुश्मन बघितला न्हाई. सरळ रेघ यावी म्हून घुसखोरी!"

श्रावणी वहीत काहीतरी लिहीत होती. मी विचारलं, "आता काय?" ती म्हणाली, "निष्कर्ष बदलते आहे, सर."

सातबाऱ्याचा उतारा मिळाला नाही म्हणून सोमवारी टाकायचा राहिलेला मोजणीचा अर्ज घरातच राहिला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तात्यांनी बांधाला किती माती लागेल याचा अंदाज काढला. बुधवारी घटक चाचणी होती. तिच्यात मी प्रश्न घातला होता, 'भूपट्टांच्या हालचालीचे कारण सांगा.' (प्रश्नपत्रिका आधीच छापून झाली होती. नाहीतर नसता घातला.) चाळीसपैकी सत्तावीस उत्तरपत्रिकांत एकाच शब्दाचं उत्तर होतं. 'सर.' यावेळी मी सगळ्या उत्तरपत्रिका नीट वाचल्या. अर्धा अर्धा गुण दिला, कारण निरीक्षण बरोबर होतं.

रविवारी मी फावडं घेऊन रानात गेलो. आमच्या रानातली माती ओढून बांधाला लावायची, थापायची, परत ओढायची. वर बांधावर पोतं अंथरून आबा आणि तात्या बसले होते. बायकोनं थर्मास भरून दिला होता. दोघं चहा पीत होते आणि मला सूचना देत होते.

"डाव्या अंगाला अजून टाक, मास्तर."

"राहू दे दादा, पुरं झालं. चार बोटं कमी-जास्त."

"न्हाई न्हाई, तुझ्या हक्काचं हाय. टाक रं!"

"आवं, भावाभावात कुठं हक्क काढतासा?"

आता यावरूनही वाद पेटतो की काय, अशी मला धास्ती वाटली. आबा म्हणत होते दे, तात्या म्हणत होते नको. मी फावड्यावर हनुवटी टेकून निकालाची वाट बघत राहिलो. हाताला फोड आले होते आणि पाठ धरली होती, पण दोन कप शेजारी शेजारी ठेवलेले दिसत होते, त्यामुळे मला कशाचंच काही वाटत नव्हतं. त्या आनंदाच्या भरात मी म्हणालो, "आबा, तात्या, आता काळजीच नको. पुढच्या रविवारी मी टिलर बांधापासून दोन हात लांब चालवतो, आणि तुम्हाला रेघ सरळ काढून दाखवतो!"

"न्हाई!" दोघं एकदमच ओरडले.

वाटणी झाल्यापासून दोघा भावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं ते हेच, पहिलं. मी वाद घातला नाही. घर जुळत असताना मधे बोलू नये, आणि तसंही फावडं माझ्याच हातात होतं.